पाणी, मूल आणि फाटक
घरगुती जलतरण तलावांच्या कुंपणाचे नियम आणि त्यांचा बोध

गावातील पिण्याच्या पाण्याच्या विहिरीला कठडा असावा, हे शहाणपण ग्रामीण भागाला कोणत्याही कायद्याने शिकविलेले नाही. पाणी शेंदणाऱ्या स्त्रीच्या कमरेला लागेल इतक्या उंचीचा दगडी कठडा पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून उभा राहिला. त्यामागचा विचार अगदी साधा आहे. माणूस कितीही सावध असला तरी त्याचे लक्ष केव्हा ना केव्हा चुकणारच. आणि ते चुकेल त्या क्षणी त्याच्या व पाण्याच्या मध्ये काहीतरी भक्कम असावे.

हाच विचार जगातील काही देशांनी घरगुती जलतरण तलावांच्या बाबतीत कायद्याच्या चौकटीत बसविला आहे. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि फ्रान्स ही त्यांपैकी ठळक उदाहरणे होत. घराच्या अंगणात खासगी तलाव बांधावयाचा तर त्याभोवती अडथळा असलाच पाहिजे, तो किती उंच असावा, त्याच्या गजांत किती फट असावी, फाटकाची कडी कोणत्या उंचीवर असावी, याचे बारीकसारीक नियम तेथे आहेत. हे नियम एका दिवसात तयार झालेले नाहीत. त्यांत त्रुटी राहिल्या, सवलती दिल्या गेल्या, त्या सवलतींचे परिणाम दिसले आणि मग सुधारणा झाल्या. महाराष्ट्रात बंगल्यांतील व सुटीतील निवासस्थानांतील तलावांची संख्या वाढत आहे आणि गावोगावी शेततळी झाली आहेत. अशा वेळी या अनुभवाचा अभ्यास प्रशासनातील अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांना निश्चितच उपयोगी ठरेल.

प्रश्नाचे स्वरूप

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या वर्षी जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली. त्यांपैकी जवळजवळ एक-चतुर्थांश मुले ५ वर्षांहून लहान होती. या प्रश्नाचे गांभीर्य ओळखून संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने एप्रिल २०२१ मध्ये ठराव केला आणि २५ जुलै हा दिवस जागतिक बुडणे-प्रतिबंध दिन म्हणून पाळला जाऊ लागला.

लहान मुलाचे बुडणे मोठ्या माणसाच्या बुडण्याहून वेगळे असते. नुकतेच चालू लागलेल्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. पाण्यात डोकावताना त्याचा तोल पुढे जातो. तोंड एकदा पाण्यात गेले की मान वर उचलण्याचे बळ त्याच्या अंगी नसते. म्हणूनच घोटाभर पाणीही अशा मुलाचा जीव घेऊ शकते. दुसरी गोष्ट अशी की हे सारे शांतपणे घडते. चित्रपटात दाखवितात तसा आरडाओरडा किंवा हातपाय आपटणे बहुधा होत नाही. कारण श्वासच घेता येत नसल्यावर हाक मारणार कशी? शेजारच्या खोलीत असलेल्या आईला काही ऐकू येत नाही. मेंदूला प्राणवायू मिळेनासा झाला की काही मिनिटांतच कायमची इजा होऊ लागते. मूल वाचले तरी पुढचे आयुष्य अपंगत्वात काढण्याची वेळ येऊ शकते.

दुर्घटनेनंतर नेहमी एकच प्रश्न विचारला जातो, “मुलाकडे कोणी पाहात नव्हते काय?” या प्रश्नात दोष देण्याचा सूर असतो, उपाय मात्र नसतो. दारावर कोणी येते, चुलीवरचे दूध उतू जाते, धाकटे बाळ रडू लागते, आणि प्रत्येकाला वाटते की मूल दुसऱ्या कोणाजवळ आहे. अशी चार-दोन मिनिटे प्रत्येक घरात रोज येतात. लक्ष ठेवणे आवश्यक आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु केवळ लक्षावर उभारलेली सुरक्षितता लक्ष ढळताच कोसळते. कुंपणाचे प्रयोजन नेमके या चार-दोन मिनिटांसाठी आहे. ते लक्षाची जागा घेत नाही. मूल हरवल्याचे ध्यानात येऊन त्याला शोधेपर्यंतचा अवधी ते मिळवून देते.

तीन बाजू की चार बाजू ?

कुंपणाचे दोन प्रकार संभवतात. पहिल्या प्रकारात सारे आवार बाहेरून बंदिस्त केले जाते. रस्त्यावरच्या किंवा शेजारच्या मुलाला आत येता येत नाही. पण घराचे मागचे दार उघडले की थेट तलावाचा काठ लागतो. दुसऱ्या प्रकारात तलाव चारही बाजूंनी वेढलेला असतो. घरातून तलावाकडे जावयाचे असले तरी फाटक उघडूनच जावे लागते.

वरवर पाहता हा फरक किरकोळ वाटेल. तसा तो नाही. घरगुती तलावात बुडणारे लहान मूल बहुधा परके नसते. ते त्याच घरातले किंवा त्या घरी पाहुणे म्हणून आलेले असते. पहिल्या प्रकारच्या कुंपणाने त्याला काहीच अटकाव होत नाही, कारण ते मुळातच कुंपणाच्या आत असते. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि अमेरिका या देशांत झालेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा वैद्यकीय पुराव्यांची छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केला आहे. त्यानुसार कुंपण असलेल्या तलावात मूल बुडण्याची शक्यता कुंपण नसलेल्या तलावाच्या तुलनेत सुमारे एक-चतुर्थांश इतकी कमी आढळली. त्याहून लक्षणीय निष्कर्ष पुढचा आहे. चारही बाजूंनी वेढलेल्या तलावात हा धोका, केवळ आवाराला कुंपण असलेल्या तलावाच्या तुलनेत, सुमारे एक-षष्ठांश होता. कुंपणाला आपोआप मिटणारे व भक्कम कडीचे फाटक असावे, असेही या आढाव्याने सुचविले आहे.

मापांमागील कारणे

ऑस्ट्रेलियात घरगुती तलावांच्या अडथळ्यांसाठी राष्ट्रीय मानक ठरविलेले आहे आणि तेथील राज्यांचे कायदे त्या मानकाचा आधार घेतात. न्यू साउथ वेल्स या राज्यात ३० सेंटिमीटरहून अधिक खोल पाणी मावू शकेल अशा प्रत्येक घरगुती तलावाला हे नियम लागू आहेत. उन्हाळ्यात अंगणात मांडावयाचा, हवा भरून फुगविण्याचा तलावही तितका खोल असेल तर त्यातून सुटत नाही. मानकातील मुख्य मापे आणि त्यांची कारणे अशी :

(१) उंची : कुंपण जमिनीपासून किमान १.२ मीटर, म्हणजे सुमारे चार फूट उंच असले पाहिजे. लहान मुलाला केवळ हाताच्या बळावर वर चढून जाता येऊ नये, हा हेतू. शेजाऱ्याच्या हद्दीवरचे कुंपण तलावाचे कुंपण म्हणून वापरावयाचे असल्यास ते १.८ मीटर उंच हवे. कारण त्याच्या पलीकडे काय ठेवले जाईल, यावर तलावाच्या मालकाचा ताबा नसतो.

(२) फटी : उभ्या गजांमधील अंतर आणि कुंपणाखालील मोकळी जागा १० सेंटिमीटरहून अधिक नसावी. एवढ्या फटीतून लहान मुलाचे डोके व धड जाऊ शकत नाही.

(३) पाय ठेवण्यास आधार नको : कुंपणाच्या आडव्या पट्ट्या एकमेकींच्या जवळ असल्या तर त्यांची शिडी होते. म्हणून खालच्या व वरच्या आडव्या पट्टीत किमान ९० सेंटिमीटर अंतर ठेवावे लागते. याच कारणाने कुंपणालगतच्या ९० सेंटिमीटरच्या टप्प्यात चढण्यास उपयोगी पडेल अशी कोणतीही वस्तू असता कामा नये. खुर्ची, कुंडी, पाण्याचा पंप, झाडाची खाली आलेली फांदी, या साऱ्या वस्तू कुंपण निकामी करतात. कुंपण तेच असते, उंची तीच असते. परंतु एक कुंडी शेजारी ठेवली की चार फुटांचे कुंपण अडीच फुटांचे होते.

(४) खिडक्या : तलावाच्या बाजूस उघडणारी खालची खिडकी १० सेंटिमीटरहून अधिक उघडू नये अशी अडवावी, किंवा तिला पक्की जाळी बसवावी.

या मापांतील प्रत्येक आकडा मुलाच्या शरीराच्या मापावरून आलेला आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. नियमाचे कारण समजले म्हणजे नियम पाळणाऱ्याला तो जाच वाटत नाही आणि तपासणाऱ्यालाही नुसती फूटपट्टी लावून भागत नाही.

कुंपणाचा दुबळा दुवा

कोणत्याही कुंपणाचा सर्वांत दुबळा भाग म्हणजे त्याचे फाटक. भिंत विसरत नाही. फाटक बंद करावयाचे माणूस विसरतो. म्हणून मानकात फाटकाविषयी विशेष काळजी घेतलेली आहे.

फाटक तलावापासून दूर, बाहेरच्या बाजूस उघडणारे असावे. आत उघडणारे फाटक मुलाने नुसते ढकलले तरी, कडी नीट लागलेली नसल्यास, उघडेल. बाहेर उघडणारे फाटक ढकलल्यास अधिकच मिटते. फाटक स्प्रिंगच्या बिजागरीने आपोआप मिटले पाहिजे आणि मिटताच कडी आपोआप लागली पाहिजे. ते पूर्ण उघडलेले असो की नुसते किलकिले असो, कोणत्याही स्थितीतून सोडले तरी ते बंद झालेच पाहिजे. कडी उघडण्याची खिटी जमिनीपासून किमान १.५ मीटर उंचीवर असावी. ती खाली बसविली असल्यास तिला तलावाच्या बाजूने आड केलेले असावे, म्हणजे बाहेरून मुलाचा हात तिच्यापर्यंत पोहोचणार नाही.

इतके करूनही माणूस एक पळवाट काढतोच. पाहुणे ये-जा करीत आहेत, हातात भांडी आहेत, म्हणून फाटकाला वीट लावून ते उघडे ठेवले जाते. न्यू साउथ वेल्सच्या कायद्यात तलावाकडे जाणारे फाटक वापरात नसताना बंद ठेवण्याचे बंधन म्हणूनच स्वतंत्रपणे घातलेले आहे. फाटक नसणे आणि फाटक उघडे ठेवणे यांत मुलाच्या दृष्टीने काहीच फरक नाही, हे त्या तरतुदीचे मर्म होय.

याच कायद्यानुसार तलावाजवळ ठळक दिसेल असा सूचनाफलक लावणे आवश्यक असते. बुडालेल्या व्यक्तीला कृत्रिम श्वासोच्छ्वास कसा द्यावा आणि छातीवर दाब कसा द्यावा, याची कृती त्यावर दिलेली असते. मुलाला पाण्याबाहेर काढल्यापासून वैद्यकीय मदत पोहोचेपर्यंतचा काळ निर्णायक असतो आणि त्या गोंधळात शिकलेले आठवत नाही. म्हणून फलक डोळ्यांसमोर हवा.

सवलती आणि त्यांचे परिणाम

न्यू साउथ वेल्समध्ये सध्याचा कायदा १९९२ चा आहे. त्यात नव्या तलावांसाठी घरापासून तलाव वेगळा करणाऱ्या कुंपणाचे तत्त्व स्वीकारले गेले. परंतु १ ऑगस्ट १९९० पूर्वी बांधलेल्या तलावांना काही अटींवर सूट मिळाली. अशा घरांत तलावाकडे उघडणारी दारे व खिडक्या मुलांना उघडता येणार नाहीत अशा केल्या तर कुंपण नसले तरी चालत असे. अत्यंत लहान भूखंड, २ हेक्टर वा त्याहून मोठी जमीन आणि जलाशयाच्या काठची मालमत्ता यांनाही वेगवेगळ्या सवलती होत्या.

सवलत देताना प्रत्येक वेळी काही ना काही कारण होते. जुन्या बांधकामात कुंपणास जागा नाही. मोठ्या जमिनीवर शेजार नाही. नदीकाठच्या घराला कुंपण घालून उपयोग काय, कारण नदी उघडीच आहे. ही कारणे मालकाच्या बाजूने पाहता पटण्याजोगी होती. मुलाच्या बाजूने पाहता मात्र जमीन २ हेक्टर असो की २ गुंठे, तलावाची खोली तीच असते. १ जुलै २०१० नंतर बांधलेल्या तलावांसाठी भूखंडाच्या आकारावरून वा स्थानावरून मिळणाऱ्या या सवलती बंद करण्यात आल्या. जुन्या तलावांच्या सवलती काही अटींसह चालू राहिल्या. एकदा दिलेली सूट परत घेणे किती अवघड असते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

दुसरी अडचण याहून मूलभूत होती. कुंपणाचे नियम होते. परंतु तलाव नेमके कोठे आहेत, याची एकत्रित नोंदच नव्हती. जे मोजलेले नाही त्याची तपासणी कशी होणार? २०१२ च्या दुरुस्तीने राज्यव्यापी नोंदणीपट तयार करण्यात आला आणि तलावाची नोंदणी करणे हे मालकाचे कर्तव्य ठरले. पर्यटकांच्या निवासस्थानांतील आणि दोनांहून अधिक घरे असलेल्या वसाहतींतील तलावांची दर तीन वर्षांनी तपासणी करणे स्थानिक संस्थांवर बंधनकारक झाले. २९ एप्रिल २०१६ पासून तलाव असलेले घर भाड्याने देताना नियमपालनाचे प्रमाणपत्र आवश्यक ठरले. विक्रीच्या वेळी ते प्रमाणपत्र, किंवा त्रुटी असल्यास तशी नोंद करणारा दाखला, कराराला जोडावा लागतो; त्रुटी दूर करण्याची जबाबदारी मग ठराविक मुदतीत नव्या मालकावर येते. ही व्यवस्था मोठी कल्पक आहे. दंडाच्या भीतीने जे होत नाही ते व्यवहार अडल्याने होते.

ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेली किंवा नोकरीनिमित्त राहणारी मराठी कुटुंबे सिडनी, मेलबर्न अशा शहरांत मोठ्या संख्येने आहेत. तेथे घर घेताना किंवा भाड्याने राहताना तलावाचे प्रमाणपत्र पाहणे, हा त्यांच्याही व्यवहाराचा भाग असतो. मायदेशाहून नातवंडांना भेटावयास जाणाऱ्या आजी-आजोबांनी तलावाचे फाटक उघडे ठेवू नये, हे त्यांना घरच्यांनी पहिल्या दिवशीच सांगावयास हवे.

न्यूझीलंड आणि फ्रान्स

न्यूझीलंडने १९८७ मध्ये जलतरण तलावांच्या कुंपणाचा स्वतंत्र अधिनियम केला. कुंपणाची उंची तेथेही १.२ मीटर ठेवलेली आहे. पुढे २०१६ मध्ये हा विषय इमारतविषयक कायद्यात समाविष्ट करण्यात आला आणि १ जानेवारी २०१७ पासून घरगुती तलावांची दर तीन वर्षांनी तपासणी बंधनकारक झाली. ४० सेंटिमीटर वा अधिक खोल पाण्याच्या तलावांना हे नियम लागू आहेत. त्याच वेळी लहान आकाराच्या गरम पाण्याच्या टाक्यांना, त्यांची कड पुरेशी उंच असल्यास, कुंपणाऐवजी कुलूपबंद झाकण चालेल, अशी व्यवहार्य तरतूदही केली गेली. तपासणीविषयी कडक आणि साधनाविषयी समंजस, असे या सुधारणेचे वर्णन करता येईल.

फ्रान्सने वेगळा मार्ग पत्करला. ३ जानेवारी २००३ च्या कायद्याने, जमिनीत बांधलेल्या खासगी तलावांना सुरक्षासाधन बसविणे आवश्यक केले. नव्या तलावांसाठी तो १ जानेवारी २००४ पासून आणि आधीच्या तलावांसाठी १ जानेवारी २००६ पासून लागू झाला. साधनाची निवड मात्र मालकावर सोपविलेली आहे : अडथळा, धोक्याची घंटा, सुरक्षा आच्छादन किंवा तलावावरील बंदिस्त छत, यांपैकी कोणतेही एक, ठरलेल्या मानकानुसार असले म्हणजे पुरे. कायदा मोडणाऱ्यास ४५,००० युरोपर्यंत दंड होऊ शकतो.

निवडीच्या या स्वातंत्र्यामुळे कायदा स्वीकारणे लोकांना सोपे जाते, हे खरे. परंतु चारही साधने एका जातीची नाहीत. पाण्यात काही पडल्यावर वाजणारी घंटा मूल पडल्यानंतर कामास येते. कुंपण ते पडण्यापूर्वी. आच्छादन प्रत्येक वापरानंतर कोणीतरी पुन्हा पसरावे लागते. आपोआप मिटणारे फाटक कोणाच्या आठवणीवर विसंबत नाही. सुरक्षासाधन निवडताना विचारावयाचा प्रश्न हाच आहे की, माणूस विसरला तर हे साधन काय करील?

आक्षेपांचा विचार

या नियमांवर काही आक्षेप घेतले जातात. कुंपणाने तलावाची शोभा जाते. स्वतःच्या घरात काय असावे हे शासनाने का सांगावे. खर्च कोणी करावयाचा. आणि मुलांना पोहावयास शिकविले तर कुंपण कशाला? पहिल्या आक्षेपाला उत्तर देण्याची गरज नाही. दुसऱ्याबाबत इतकेच म्हणता येईल की तलाव मालकाचा असला तरी तेथे जाणारे मूल शेजाऱ्याचे, नातेवाइकाचे किंवा घरी कामास येणाऱ्या बाईचेही असते. खर्चाचा आक्षेप खरा आहे. परंतु तलाव बांधण्याच्या खर्चाच्या मानाने कुंपणाचा खर्च लहान असतो आणि आरंभीच्या आराखड्यात धरला तर तो जाणवत नाही. पोहणे शिकविणे हा उत्तम उपाय आहे व जागतिक आरोग्य संघटनेनेही शाळेच्या वयाच्या मुलांसाठी तो सुचविला आहे. पण दीड-दोन वर्षांच्या मुलाला पोहण्याच्या शिक्षणाच्या भरवशावर पाण्याजवळ सोडता येत नाही. त्या वयासाठी पाण्याभोवती अडथळा आणि देखरेखीखालील सुरक्षित जागा, हेच उपाय ती संघटना सांगते. अंगणवाडीचे महत्त्व या दृष्टीनेही आहे. शेतीच्या कामांच्या घाईत जेव्हा घरातील मोठी माणसे बाहेर असतात, तेव्हा अंगणवाडीत बसलेले मूल हे पाण्यापासून दूर असलेले मूल असते.

महाराष्ट्रापुरता विचार

लोणावळा, कर्जत, अलिबाग या परिसरांत तलाव असलेले बंगले सुटीसाठी भाड्याने दिले जातात. तेथे येणारे कुटुंब जागेला नवखे असते. माणसे पुष्कळ, प्रत्येकाला मूल दुसऱ्याजवळ असल्याची समजूत, आणि दिवाणखान्याचे दार थेट तलावाच्या काठावर उघडणारे. वर सांगितलेल्या तीन बाजू व चार बाजू यांतील फरकाचा धोका येथे पूर्णपणे संभवतो. बंगल्याच्या आवाराची भिंत कितीही उंच असली तरी आतल्या मुलासाठी ती कुंपण नव्हे.

ग्रामीण भागात मात्र प्रश्न शेततळ्यांचा आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्यात ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू झाली. तीत ३ मीटर खोलीची शेततळी निरनिराळ्या आकारमानांत ठरविण्यात आली होती. पाण्याच्या साठ्याने शेतकऱ्याला मोठा आधार दिला. परंतु प्लास्टिकचे अस्तर असलेल्या शेततळ्याचा उतार ओला झाला की विलक्षण निसरडा होतो. पाय ठेवावयास खाच नाही, हाताला धरावयास मूळ नाही, काठ उतरता. पोहता येणारा माणूसही अशा उतारावरून वर येऊ शकत नाही. आणि बुडणाऱ्याला वाचवावयास उतरलेला दुसराही अडकतो. म्हणून शेततळ्याला दोन गोष्टी हव्यात : आत जाऊ न देणारे कुंपण, आणि आत पडलेल्याला बाहेर येऊ देणारे साधन. काठाला पक्क्या खुंट्यास बांधलेला व पाण्यापर्यंत पोहोचणारा गाठी मारलेला दोर, दोराची शिडी किंवा हवा भरलेली जुनी ट्यूब ही साधने प्रत्येक शेतकऱ्याच्या आवाक्यातील आहेत. तारेच्या कुंपणाच्या आडव्या तारा मुलाला शिडीसारख्या वापरता येतात व खालून शिरताही येते; तेथे दाट विणीची जाळी जमिनीपर्यंत आणणे अधिक चांगले.

उघड्या कूपनलिकांबाबत तर देशात स्पष्ट निर्देश आहेत. लहान मुले सोडून दिलेल्या कूपनलिकांत पडण्याच्या घटनांची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. कूपनलिका खोदण्यापूर्वी किमान १५ दिवस आधी संबंधित अधिकाऱ्यांना कळविणे, खोदकामाच्या वेळी फलक व तारेचे कुंपण लावणे, नळीभोवती सिमेंटचा ओटा बांधणे, तोंड पोलादी झाकणाने पक्के बंद करणे आणि सोडून दिलेली कूपनलिका तळापासून जमिनीपर्यंत भरून काढणे, या त्यांतील मुख्य बाबी होत. ग्रामीण भागात यावर देखरेख ठेवण्याची जबाबदारी सरपंच व कृषी विभागाचे अधिकारी यांच्यावर सोपविलेली आहे. म्हणजे पाण्याच्या व खड्ड्याच्या धोक्याविरुद्ध अडथळा उभारणे हे पंचायतीचे काम आहे, हे तत्त्व भारतात नवे नाही.

पंचायतीने आणि शाळेने काय करावे ?

परदेशांच्या अनुभवातून निघणारा क्रम असा मांडता येईल.

पहिली पायरी नोंदीची. गावाच्या हद्दीतील उघड्या विहिरी, शेततळी, सोडलेल्या कूपनलिका, खाणींचे पाण्याने भरलेले खड्डे आणि खासगी तलाव यांची यादी ग्रामपंचायतीने करावी. वस्ती, शाळा व अंगणवाडी यांच्या जवळची ठिकाणे तीत आधी घ्यावीत.

दुसरी पायरी पाहणीची. कागदावर ‘कुंपण आहे’ एवढी नोंद पुरेशी नाही. कुंपण चारही बाजूंनी आहे काय, खालून फट आहे काय, जवळ चढावयास काही आहे काय, फाटक आपोआप मिटते काय आणि कडी मुलाच्या हाती लागते काय, हे पाच प्रश्न प्रत्यक्ष जागेवर जाऊन विचारावेत. ही पाहणी पावसाळ्यापूर्वी आणि उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी अशी वर्षातून दोनदा व्हावी.

तिसरी पायरी शिक्षणाची. शिक्षकांनी वरच्या वर्गांतील मुलांना, बुडणाऱ्यासाठी पाण्यात उडी न घेता दोर, काठी किंवा ट्यूब टाकावी आणि मोठ्या माणसांना हाक मारावी, हे प्रत्यक्ष करून दाखवावे. कृत्रिम श्वासोच्छ्वासाची व छातीवर दाब देण्याची कृती प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कर्मचाऱ्यांकडून गावातील तरुणांना शिकविता येईल.

चौथी पायरी सातत्याची. न्यू साउथ वेल्सला नियम झाल्यानंतर नोंदणीपटापर्यंत पोहोचावयास वीस वर्षे लागली. न्यूझीलंडमध्ये कायदा आणि बंधनकारक तपासणी यांत जवळजवळ तीन दशकांचे अंतर पडले. त्या अवधीत नियम होते. प्रत्येक फाटक मिटत होते की नाही हे मात्र पाहिले जात नव्हते. हे अंतर कमी करणे, एवढेच दुसऱ्यांच्या अनुभवाचे खरे मोल असते.

कुंपण ही काही मोठी अभियांत्रिकी नव्हे. चार फूट उंचीचा अडथळा, तळहाताहून थोडी मोठी फट आणि आपोआप लागणारी एक कडी, एवढ्या सामग्रीवर एका मुलाचे आयुष्य अवलंबून असू शकते. गावच्या विहिरीला कठडा बांधणाऱ्या पूर्वजांना ही गोष्ट उमगली होती. शेततळ्याच्या व तलावाच्या काठावर ती पुन्हा एकदा आचरणात आणावयाची आहे; आणि त्याचा प्रारंभ येत्या ग्रामसभेत एका यादीने होऊ शकतो.